सोमवारच्या धुण्यात पडलेली शाल

नाकं मुरडू नका, मी शाल बोलतेय. काळी, लोकरीची आणि हो, शेणाच्या वासाची. आमच्या अमेरिकेतल्या इंडियानात, जुन्या चालीनं शेती करून राहणाऱ्या आमिश लोकांच्या वस्तीत, या वासाची लाज कुणाला वाटत नाही. निदान पूर्वी तरी वाटत नसे.

ऑर्फानं मला पहिल्या बाळंतपणाआधी विणलं. आई आणि बाळ एकाच वेढ्यात मावतील अशी ऐसपैस. ओली बाळंतीण उठून धारा काढायला लागली, की बाळ माझ्यात बांधलेलं गोठ्यात यायचं. गाईंचे उष्ण श्वास, गवताचा भुसा, चरवीतला फेस, आणि छातीशी झोपलेलं ते मऊ गाठोडं! ऑर्फाची सगळी पोरं अशीच वाढली.

सोमवार आमचा धुण्याचा वार. घरोघरी दोऱ्या कपड्यांनी भरतात. पण मी कधी दोरीवर चढले नाही. "घरात बाळ आहे तोवर शालीला पाणी लावायचं नाही," असं ऑर्फाची सासू बजावून गेली होती. का, ते तिलाही ठाऊक नसावं.

मग ऑर्फाच्या धाकट्या मुलाची, मर्विनची, बायको रोझेटा बाळंत झाली. लमार सातव्या महिन्यातच आला, तोही पोट कापून. कितीतरी दिवस तो दवाखान्यात काचेच्या पेटीत होता, औषधांवर. घरी आला तेव्हा हात धुऊन धुऊन रोझेटाच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

बाळानं जरा अंग धरल्यावर ऑर्फा मला घेऊन आली. "चल गं, आण त्याला. गाई खोळंबल्यात."

"आई, काहीतरीच काय! मुठीएवढं पोर ते, आणि शेणात न्यायचं?"

"मर्विनला नेलंच की. बघ, कसा रेड्यासारखा माजलाय."

"माझ्यावर कशाला घसरता!" मर्विन हसला. रोझेटा हसली नाही. तिनं बाळाला असं घट्ट धरलं, की ऑर्फानं नाद सोडला. "बरं बाई, आई तू आहेस त्याची," म्हणून तिनं मला खुंटीला टांगलं.

पुढच्याच सोमवारी रोझेटानं मला उकळत्या पाण्यात बुडवलं. शाल स्वच्छ करून बाळाला पांघरावी, एवढीच तिची इच्छा. मायेनंच केलं हो सगळं! पण लोकर ती, आटून निम्मी झाली. ऑर्फानं मला दोरीवर पाहिलं, एक टोक ओढून बघितलं आणि आत गेली.

लमार चालू-बोलू लागला तसा त्याला धाप लागायला लागली. रात्र रात्र छातीत शिट्टी वाजायची. दमा. गवताच्या धुळीनं तर जीव कासावीस व्हायचा. एकदा दवाखान्यातून आल्यावर रोझेटा ऑर्फाच्या गळ्यात पडून रडली.

"आई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोठ्यात वाढणाऱ्या बाळांना दमा कमी होतो असं दिसतं. मग मीच केलं का हे?"

"आणि काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, एकाच गोष्टीवर खापर फोडता येत नाही. तो लवकर आला, फुप्फुसं कच्ची होती... नक्की कुणीच सांगू शकत नाही."

"मग झालं तर. हट्ट मीच धरायला हवा होता."

"धरला असता तरी मी ऐकलं नसतं."

हे मात्र खरं होतं.

आता लमारला बहीण झालीय, पुऱ्या दिवसांची. काल रोझेटा आपण होऊन खुंटीशी आली. मला अंगाभोवती ओढून पाहिलं. कुठली पुरतेय मी! बटणं आम्ही वापरत नाही, टाचण्या मात्र सदा हाताशी. तिनं बाळाला छातीशी धरलं आणि मला टाचण्यांनी कपड्याला टोचलं. टोचलं खरं, पण सुख वाटलं.

लमार दारापाशी उभा होता. गोठ्यात यायची त्याला बंदी आहे.

"आई, मी बाळ होतो, तेव्हा मीपण या शालीतून गोठ्यात गेलो होतो ना?"

हो म्हण गं, एकदा हो म्हण, असं ओरडावंसं वाटलं मला. पण आमच्याकडे लेकरांशी खोटं बोलत नाहीत.

"नाही रे राजा," रोझेटा म्हणाली. "तुला नाही नेलं."

तो बिचारा आत गेला आणि आमच्यामागे त्यानंच दार लावून घेतलं, धूळ येऊ नये म्हणून.