पहिला नकार

आमच्या लुंडबी गावात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. कुणी वडी पुढे केली तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायची, हे इथलं मूल फार लवकर शिकतं. मारित एल्स्टाडही इथेच वाढलेली. पण राज्याच्या विधानसभेला उभी राहिली आणि हे सगळं विसरली.

मारित गुरांची डॉक्टर. पहिल्या निवडणुकीत ती घरोघरी गेली, "तुमच्या अंगणात माझ्या नावाची पाटी लावू का?" म्हणून विचारत. सगळे म्हणाले, लाव की. गावभर निळ्या पाट्या झाल्या आणि जुने आमदार बर्गस्ट्रॉम आरामात निवडून आले. दोन वर्षांनी, पुढच्या निवडणुकीला, तिने आणखी पाट्या छापल्या. तेव्हाही तेच झालं.

तिसऱ्या खेपेला ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिसरीत मी तिला शिकवलं होतं. अजून मला बाईच म्हणते.

"बाई, या वेळी पडले तर पुन्हा उभी राहणार नाही. डेनिसला तसा शब्द दिलाय."

"नवरा काय म्हणाला?"

"बरं म्हणाला. म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते कळलंच नाही."

मला हसू आलं. "गोठ्यात गेल्यावर तू गायीला विचारतेस का, बरी आहेस ना म्हणून?"

"नाही. हात लावून बघते."

"मग माणसांना का विचारतेस? वर्गात 'समजलं का' असं विचारलं की अख्खा वर्ग माना डोलवायचा. तूही डोलवायचीस. मग मी विचारायचे, 'आता मी काय सांगितलं ते तू सांग.' तेव्हा खरं काय ते कळायचं."

तिने कपातली कॉफी एका घोटात संपवली. मग म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला. एकटीने मला जमणार नाही."

पहिलंच घर आर्विड क्वामचं. दोन्ही वेळा त्याच्या अंगणात मारितची पाटी होती. त्याची बायको इंगा काठी टेकत आली, लिंबाच्या वड्या ठेवल्या. आम्ही रीतीप्रमाणे नको म्हटलं, मग घेतल्या.

"आर्विड, एक विचारायचंय," मारित म्हणाली. "मी निवडून आले तर काय करीन, असं तुम्हाला वाटतं?"

आर्विडने खिडकीबाहेर पाहिलं. "यंदा मका बरा आहे."

मारित आणखी काही बोलणार होती. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. वर्गात प्रश्न विचारला की थांबावं लागतं, आणि थांबणं हेच सगळ्यात अवघड.

शेवटी आर्विडच बोलला. "काही नाही."

"म्हणजे?"

"काही करणार नाहीस, असं वाटतं. राग नको मानूस, पोरी. तुझ्या पत्रकात तलाव होता, शाळा होती, रस्ता होता. हिवाळ्यात ही इथेच पडली, याच फरशीवर. खुबा मोडला. आपल्या गावची अ‍ॅम्ब्युलन्स आली नाही, कारण ती बिनपगारी चालवणारे आपलेच गावकरी, सगळे माझ्या वयाचे, आणि दोघं तर स्वतःच दवाखान्यात. शेजारच्या तालुक्यातून गाडी येईपर्यंत मी हिच्या डोक्याखाली उशी धरून बसलो होतो. त्याबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस. बर्गस्ट्रॉमनेही नाही, पण तो निदान हिचा भाऊ आहे."

"आर्विड," इंगा म्हणाली, "पाहुण्यांशी असं बोलतात का?"

"तिने विचारलं म्हणून सांगितलं."

मारितचे कान लाल झाले होते. मला वाटलं, रडते की काय. तिने वडी खाली ठेवली आणि विचारलं, "गाडी चालवायला तरुण पोरं का येत नाहीत?"

मग आम्ही दुपारपर्यंत तिथेच होतो. त्या दिवशी दुसरं घर झालंच नाही.

पुढचे दोन महिने ती 'मी निवडून आले तर काय करीन, असं वाटतं?' हाच प्रश्न घेऊन दारोदार फिरली. पाट्या छापल्याच नाहीत. काही घरी 'तुला मत देणार नाही' असा नकार मिळाला, काही घरी शिव्याही. संध्याकाळी फोनवर मला सांगायची, "बाई, आज तिघांनी तोंडावर नाही म्हटलं," आणि आवाजात असा आनंद, जणू पैकीच्या पैकी मार्क पडलेत.

मारित निवडून आली, अगदी थोडक्या मतांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती गमबूट चढवत होती. कुणाची तरी गाय अडली होती. तेवढ्यात फोन वाजला. आर्विडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अभिनंदन. मी तुला मत दिलं नाही, बरं का. मेहुणा आहे, नाताळला एका टेबलावर बसायचं असतं."

"ठीक आहे, आर्विड. खरं सांगितलंत, बरं वाटलं."

"इंगाने दिलं. भावाला सांगू नकोस." मग म्हणाला, "सोमवारी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांची बैठक आहे, चर्चच्या तळघरात. येशील ना?"

"येते."

"हे येते म्हणजे खरंच येते, की आपल्या गावचं येते?"

मारितने दुसरा बूट ओढून घातला. "किती वाजता ते सांगा," ती म्हणाली.