हिरवळीतून निघालेला रोग

बुवांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्ये खुर्चीत एक आजोबा बसले होते. बुवांनी त्यांच्या पायांभोवती झारीतलं मंतरलेलं गुलाबपाणी शिंपलं. थोड्याच वेळात गवतातून अळ्या वळवळत वर आल्या. मागून रातकिडे निघाले, कोळी सैरावैरा पळाले.

"निघाला! रोग निघाला!" बुवा गरजले. "जितके किडे, तितकी सुटका! घरी जाऊन औषधं गटारात ओता!"

लोकांनी हात जोडले. गर्दीत उभ्या असलेल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी दातओठ खाल्ले. काही महिन्यांपूर्वी त्यांची मधुमेही धाकटी बहीण याच खुर्चीत बसली होती. घरी गेली, इन्सुलिन फेकलं आणि जिवानिशी गेली. तिच्या चपला आवरताना बाईंना पट्ट्यांवर वाळलेला फेस दिसला, गुलाबपाण्याआडून साबणाचा वास आला. त्यांनी शाळेच्या मैदानावर तसंच पाणी ओतून पाहिलं, तर तिथूनही किडे निघाले. तेव्हापासून त्या टपून होत्या. बुवाला एकट्यात गाठायचं नव्हतं, चारचौघांत उघडा पाडायचा होता.

आज मेहुणे भाचीला घेऊन आले होते. पोरीला आईचाच आजार.

"मावशी, आता सुई टोचायला नको ना?"

"थांब जरा."

बाईंनी झारी हिसकावली आणि बुवांच्याच पायांशी ओतली. अळ्यांचा नुसता बुजबुजाट झाला.

"अगंबाई! बुवा तर आतून पार किडलेत!"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"भक्तांचे रोग मी अंगावर घेतो!" बुवा ओरडले.

"असं?" बाईंनी पर्समधून बाटली काढून कुंपणालगतच्या गवतावर ओतली. तिथेही किडे वर आले. "मग या कुंपणाला कोणता रोग झालाय? हे भांडी घासायच्या साबणाचं पाणी आहे. ते अंगाला झोंबतं, म्हणून किडे वर पळतात. बुवांच्या झारीतही तेच आहे. नसेल तर घ्या बुवा, तळाशी उरलेलं घोटभर प्या!"

बुवांनी तोंड गच्च मिटलं. बाईंना कधी नव्हे इतकं बरं वाटलं.

"ताई, मला माफ करा," मेहुणे रडू लागले.

"नाही करणार. आधी पोरीला इंजेक्शन द्या. माझ्यासमोर." मग त्या लोकांकडे वळल्या. "रोग शरीरात असतो, गवतात नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो आधी घरी करून बघा."

आजोबा खुर्चीतून उठले आणि खिशातल्या गोळ्या चाचपू लागले. भाचीनं मावशीचा पदर ओढला.

"मावशी, आईचे किती किडे निघाले होते गं?"

"गवतात होते तितकेच, बाळा."