हातिमच्या मातोश्री

मित्रांनो, माझ्या वरच्या खणात एक पत्र पडून होते. दमनहूर गावाहून आलेले. ज्यांच्या नावे ते आले, त्या उस्ताज, म्हणजे श्रीयुत, लबीबांनी ते उभ्याउभ्याच वाचले, पुन्हा घडीवर घडी घातली आणि ‘उद्या उत्तर लिहू’ असे म्हणून माझ्यात ठेवून दिले. त्यानंतर इस्कंदरियात, म्हणजे तुमच्या अलेक्झांड्रियात, दोन हिवाळे येऊन गेले. पत्र तिथेच होते.

त्या पत्राचीच गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी माझी ओळख करून द्यायला हवी. ती नीट जमेल की नाही, कोण जाणे. माझ्याशी आजवर कुणी फारसे बोललेले नाही.

मी एक जुने लोखंडी कपाट आहे. इथल्या एका लहानशा चित्रसंग्रहालयाच्या दप्तरखोलीत मी उभे असते. माझा जन्म अत्तारीन मोहल्ल्यात एका आर्मेनियन लोहाराच्या दुकानात झाला. त्याने मला चार खण दिले, पितळी कुलूप दिले, गडद हिरवा रंग दिला आणि न्यायला आलेल्या मंडळींसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले, “हे जळणार नाही याची हमी माझी. गंजणार नाही याची नाही. गावाला समुद्र आहे, त्याला मी काय करू?”

ती मंडळी कलामित्र मंडळाची होती. वकील, डॉक्टर, कापसाचे व्यापारी. कुणी ग्रीक, कुणी इटालियन, कुणी इथलेच. त्यांनी वर्गणी काढून संग्रहालयाला चित्रे घेऊन दिली आणि त्या चित्रांचे कागद ठेवायला मला आणले. वरच्या खणात येणारे टपाल, दुसऱ्यात कलामित्र मंडळाच्या सभांची इतिवृत्ते, तिसऱ्यात महिला मंडळाचे कागद आणि अगदी खाली प्रदर्शनांच्या पुस्तिका व छायाचित्रे.

तिसरा खण माझा आवडता होता. महिला मंडळातल्या बायका दर वसंतात प्रदर्शन भरवीत, घरचा केक विकून चौकटी बनवून घेत. एकदा तर संग्रहालयाचे गळके छप्परही त्यांनीच केकवर शाकारले, असे लोक म्हणत. त्यांच्या अध्यक्षबाई कडक होत्या. त्यांचा एकच नियम होता. चित्राखाली आणि कागदावर बाईने स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव लिहायचे. अमक्याची पत्नी, तमक्याची आई असे चालायचे नाही. नव्या बायका सही करताना आधी दाराकडे पाहत, मग सही करीत.

तेव्हा माझे कौतुक होई. हवा तो कागद हात घालताच सापडे. मग दिवस पालटले. परदेशी सभासद एकेक करून बोटीने निघून गेले. यादीतली नावे खोडली गेली. आधी एक मंडळ बंद पडले, मग दुसरे. माझ्याकडे कागद मागायला कुणी येईना. खारी ओल माझ्या सांध्यांत शिरली. तिसरा खण अडकू लागला. त्याला लाथ मारल्याशिवाय तो उघडत नसे. कुणीतरी माझ्या डोक्यावर चहाची किटली ठेवली, ती कायमचीच. वाईट वाटले का? नाही. लोखंडाला वाटत नसते.

उस्ताज लबीब तरुणपणी इथे दप्तरदार म्हणून आले आणि इथेच म्हातारे झाले. अतिशय सभ्य आणि अतिशय भित्रा माणूस. पत्नी गेल्यापासून ते माझ्यासारखेच झाले होते. सकाळी येत, किटली ठेवत, कागद झटकत, संध्याकाळी जात. कुणी विचारले, “कसं काय, उस्ताज?” तर म्हणत, “देवाची कृपा.” त्यात दुःख नसे आणि कृपाही नसे.

अशात ते पत्र आले. कित्येक वर्षांत दप्तरखोलीला आलेले पहिलेच. लिहिणारे होते हातिम अल-मिन्यावी, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी लिहिले होते:

‘आमच्या मातोश्री लग्नाआधी आपल्या शहरात राहत व महिला मंडळाच्या प्रदर्शनात चित्रे लावीत. त्यांचे एक चित्र आपल्याकडे आहे, असे त्या म्हणतात. घरात कुणाचा विश्वास नाही. खरे सांगायचे तर माझाही नाही. परंतु त्यांची नजर मंदावत चालली आहे आणि दिसते आहे तोवर ते एकदा पाहावे, एवढेच त्यांच्या मनात आहे. चित्रात समुद्र आहे. कृपया हो किंवा नाही ते कळवावे.’

सगळे होते. मातोश्रींचे नाव मात्र नव्हते.

मित्रांनो, आमच्याकडे भला माणूस परक्या पुरुषाला आपल्या आईचे नाव सांगत नाही. ‘हातिमची आई’ म्हटले की झाले. आडनावाचाही उपयोग नव्हता, कारण आमच्या बायका लग्नानंतर नवऱ्याचे नाव लावत नाहीत. राहता राहिला समुद्र. पण इस्कंदरियात समुद्र नसलेले चित्रच शोधावे लागते.

म्हणजे उस्ताज लबीबांना एकच ओळ लिहायची होती: आपल्या आईचे नाव काय? ती त्यांना लिहवेना. कागद घेत, ‘आपल्या मातोश्रींचे’ इथवर लिहीत, खोडत, आणि तो कागद पत्राच्या खाली सरकवीत. असे कितीतरी कागद माझ्यात साठले. पुढे तेही थांबले. वरचा खण उघडायचाच नाही, असे त्यांनी ठरवून टाकले असावे. मलाही त्याची सवय झाली. एक म्हातारी कुठेतरी वाट पाहते आहे, हे आम्हा दोघांना ठाऊक होते आणि आम्ही दोघेही गप्प होतो.

मग एके दिवशी संचालकांचा हुकूम आला. तळघरातल्या ज्या चित्रांची माहिती लागत नाही, ती सरकारी कचेऱ्यांना वाटून टाकावीत. महिला मंडळाची चित्रे त्यात पहिली होती. चित्रांखाली नावे होती, पण ती कुणाची, हे सांगणारे कुणी उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुहैर दप्तरखोलीत आली. ही जुन्या चित्रांवरची धूळ-काजळी काढणारी आमची कारागीर. चाळिशीची, जिभेने तिखट. महिला मंडळाचे कागद हवेत म्हणून तिने माझ्या तिसऱ्या खणाला लाथ मारली. तो उघडला नाही. धक्क्याने वरचाच खण उघडला.

“उस्ताज, हे काय? एवढ्या मसुद्यांत लोक राज्यघटना लिहितात!”

“ठेव ते, पोरी. हात लावू नको.”

तिने पत्र वाचून काढले होते. “‘आपल्या मातोश्रींचे’... खोडलंय. हेही खोडलंय. हेपण. पुढं काय लिहायचं होतं तुम्हाला?”

“नाव विचारायचं होतं.”

“मग विचारा की!”

“असं विचारतात का कुणाला? आमच्या गल्लीत एवढ्यावरून डोकी फुटलीत.”

“अहो, तो दमनहूरला, तुम्ही इथं. त्यानं दगड मारला तरी पोचायचा नाही.”

उस्ताज हसले नाहीत. ते चहाच्या पेल्याकडे पाहत राहिले.

“माझा मुलगा परवा शाळेच्या कागदावर माझं नाव लिहायला लाजला,” सुहैर म्हणाली. “या इमारतीतलं अर्धं आभाळ मी कापसाच्या बोळ्यानं पुसून निळं केलंय. आणि माझं नाव लिहायची त्याला लाज! बरं, मला सांगा, तुमच्या आईचं नाव काय?”

“लबीबची आई.”

“ते तर तुमचं नाव झालं. त्यांचं?”

माझ्या डोक्यावरची किटली गरम होती. उस्ताजांचे ओठ हलले, मिटले. त्यांनी दाराकडे पाहिले. कितीतरी वर्षांपूर्वी नव्या बायका सहीपूर्वी जसे पाहत, अगदी तसे.

“बहीगा,” ते म्हणाले.

सुहैरने हातातले मसुदे खाली ठेवले.

“शाळेच्या दारात एकदा शेजारणीनं तिला नावानं हाक मारली. पोरांनी ऐकलं. मी महिनाभर शाळेत गेलो नाही. आईनं कारण विचारलं, मी सांगितलं नाही.” ते थांबले. “माझ्या तोंडून हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकतोय.”

“चांगलं नाव आहे.”

“आहे ना?”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “पण दोन वर्षं झाली, सुहैर. ती बाई आहे की नाही, कुणास ठाऊक. असली तरी दिसतंय का...”

“दिसत असेल तर बघतील. नसेल तर मुलगा बघेल. विश्वास त्याचाच नव्हता ना?”

“आणि तोवर चित्रं गेली तर?”

“कुठं जातात! वार्निश वाळतंय म्हणून सांगेन. साहेबांना वार्निशातलं काय कळतंय?”

ती गेल्यावर उस्ताजांनी माझा उघडा खण लावून घेतला नाही. त्यावरच कागद टेकवून त्यांनी लिहिले. त्यांच्या हाताचा भार मला कळत होता. या वेळी खोडाखोड झाली नाही.

‘आदरणीय हातिम, उत्तराला फार उशीर झाला. कारण सांगण्यासारखे नाही. महिला मंडळाची समुद्राची बरीच चित्रे आमच्याकडे आहेत आणि प्रत्येकीने आपल्या चित्राखाली स्वतःचे नाव लिहिले आहे. आपल्या मातोश्रींनीही लिहिले असणार. ते नाव कळल्यावाचून मी हो किंवा नाही सांगू शकत नाही. आपण ते परक्याला सांगणार नाही, हे मी जाणतो. मीही सांगितले नसते. माझ्या आईचे नाव बहीगा होते. आता आपण परके नाही.’

मित्रांनो, मला नवा रंग द्या असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या कपाटांत ओल शिरू देऊ नका, एवढे पुरे. कागद जपून ठेवणे हे निम्मे काम आहे. कागदाला कुणीतरी काही विचारावेही लागते, आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. ते काम लोखंडाला येत नाही. ते तुमचे आहे. आणि चित्राखाली नाव लिहाल तेव्हा पूर्ण लिहा.

उस्ताज लबीब पाकीट घेऊन खाली गेले. माझ्यासमोरच्या खिडकीतून रस्ता दिसतो आणि कोपऱ्यावरची टपालपेटी. तीही माझ्यासारखीच, लोखंडी, खाऱ्या वाऱ्याने गंजलेली. ते तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. एक ट्राम गेली. मग त्यांनी पाकीट आत सोडले, बोटे घालून ते खाली पडल्याची खात्री केली, आणि हात काढला. पेटीची झडप वाजली. ती मला इथवर ऐकू आली.