लॉर्नहिल हाउसच्या खाली

मानवेल लोपीसला होणाऱ्या व्याह्यांनी साखरपुड्याच्या दिवशी एक वाक्य ऐकवलं आणि त्या एका वाक्यापायी पुढे अख्ख्या वऱ्हाडाला चिखल तुडवावा लागला.

व्याही म्हणजे पास्कोल तुस्कानो. मूळचे वसईचेच, पण आता मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत. ते मानवेलच्या डार्विनच्या घरी आले, चहा प्यायले, भिंतींवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "घर छान आहे हो. पण सगळं कसं नवंकोरं. कशालाच हिस्टरी नाही."

मानवेल इस्पितळात मेंटेनन्सचा सुपरवायझर. डार्विन एकदा वादळाने मुळापासून उडवून नेलेलं, तिथे हिस्टरी आणायची कुठून? पण वाक्य बसलं ते बसलंच. पोरीच्या, एल्साच्या लग्नाचा हॉल शोधायची वेळ आली, तेव्हा त्याने बायकोला निक्षून सांगितलं, "डेझी, लग्न हिस्टरीतच होणार."

एल्सा क्वीन्सलंडमध्ये मकायला शाळेत शिकवायची आणि तिचा रॉयस्टन तिथल्याच साखर कारखान्यात इंजिनिअर. त्यामुळे शोध फार लांब न्यावा लागला नाही. मकायच्या बाहेर, उसाच्या शेतांच्या मधोमध, लॉर्नहिल हाउस होतं. राणीच्या राज्यातला, कॅप्टन हॅरोगेट नावाच्या एका ऊसमळ्याच्या मालकाचा बंगला. आता तो एका ट्रस्टच्या ताब्यात होता आणि लग्नकार्याला मिळायचा. मानवेलने वेबसाइट वाचून वाचून पाठ केली. जेवताना भाताचा घास हातात धरून तो डेझीला सांगायचा, "छत चौदा फूट उंच! दारांच्या वर कोरीव जाळ्या, वारा या खोलीतून त्या खोलीत जायला. चारी बाजूंनी व्हरांडा. आणि सगळं घर जमिनीपासून वर, खांबांवर उभं. पूर येवो, वाळवी येवो, घर आपलं अधांतरी!"

"भात खा," डेझी म्हणायची.

ते वर्ष २०२०, कोरोनाचं. व्हिक्टोरियातून, म्हणजे मेलबर्नच्या राज्यातून, क्वीन्सलंडमध्ये यायला बंदी. म्हणजे ज्यांना दिपवायचं, ते व्याहीच येऊ शकणार नव्हते. मानवेलने त्यातूनही वाट काढली. फोनवर व्हिडिओ लावून व्याह्यांना सगळा बंगला दाखवायचा. उलट बरंच, म्हणाला, फोनमध्ये ते मधे बोलले तर म्यूट करता येतील.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो डेझी आणि एल्साला घेऊन बंगल्यावर पोचला तेव्हा बंगल्याची मॅनेजर, डेल्मा नावाची साठीची सावळी, दणकट बाई, पुढच्या पायऱ्यांवर उभी होती. मानवेलने तिला जेमतेम हॅलो म्हटलं आणि लगेच फोन उघडला.

"व्याही, दिसतंय ना? हा पुढचा जिना बघा, दोन्ही बाजूंनी वळून येतो. हे दार सीडरच्या लाकडाचं. हा व्हरांडा, झडपा बघा, उन्हाप्रमाणे फिरवता येतात. हे सगळं कॅप्टन हॅरोगेटने स्वतः बांधलं!"

"कोणी?" मागून डेल्माने विचारलं. मराठी तिला कळत नव्हतं, पण नाव कळलं होतं.

"कॅप्टनने. घर बांधलं," मानवेल इंग्रजीत म्हणाला.

डेल्मा हसली. "कॅप्टनची पाठ अधू होती, मेट. त्याने जन्मात हातोडी उचलली नाही. हे खांब माझ्या पणजोबाने खांद्यावरून आणलेत. तो समुद्रापारच्या टाना बेटावरचा. जहाजावर चल, मजा दाखवतो, म्हणून नेला आणि इथे उसात आणून सोडला. पुष्कळांना तसंच आणलं. पणजी इथे खाली, घराच्या पोटाखाली, कॅप्टनच्या घरचे कपडे धुवायची. पुढच्या जिन्याने वर यायची तिला परवानगी नव्हती."

मानवेलच्या हातातला फोन खाली आला. व्याह्यांना आता फक्त त्याचे बूट दिसत होते.

"काय म्हणतेय ती?" फोनमधून आवाज आला. "आवाज तुटतोय."

"मग सांगतो," मानवेल म्हणाला आणि त्याने फोन बंद केला. कान गरम झाले होते. भाड्याने आणलेली हिस्टरी आपली म्हणून मिरवत होतो आणि तिची खरी वारसदार मागे उभी राहून ऐकत होती, हे त्याला एकदम लख्ख दिसलं. "माफ कर," तो म्हणाला. "वेबसाइटवर हे नाही."

"ती वेबसाइट मी बनवलेली नाही," डेल्मा म्हणाली. "चल, हॉल दाखवते. कोरोनाचे नियमही सांगते."

नियम ऐकून मानवेलच्या तोंडचं पाणी पळालं. घरात नाचायचं तर फक्त नवरा-नवरीने. पाहुण्यांनी बसून बघायचं. बाहेर उघड्यावर मात्र सगळ्यांनी नाचावं.

"वसईकराचं लग्न आणि नाच नाही?" मानवेल ओरडला. "डेझी, आपली माणसं बसून राहतील? तुझा भाऊ चर्चमध्ये मिस्साला बसतानाही पाय आपटतो!"

"मग व्हरांड्यात नाचू," डेझी म्हणाली. "तो बाहेरच असतो ना?"

सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, व्हरांड्याला भिंती आहेत? नाही. झडपा आहेत? आहेत. त्या बंद होतात? होतात. मग तो आत. उघड्या ठेवल्या तर? मग बहुतेक बाहेर, पण ती वरच्यांना विचारून सांगेल. वरच्यांनी काही सांगितलं नाही. तेवढ्यात डेल्माने व्हरांड्याच्या फळीवर टाच आपटली आणि टाच आत गेली. वाळवी. प्रश्नच मिटला.

"डॅडी, इट्स फाइन, लॉनवर करू," एल्सा म्हणाली. "नो वरीज."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा छान झाली. फादरांनी मास्कमधून दिलेलं प्रवचन कोणाला कळलं नाही, म्हणून सगळ्यांना आवडलं. एल्सा आणि रॉयस्टन गाडीतून बंगल्याच्या फाटकाशी उतरले आणि आभाळ फुटलं. मकायचा नोव्हेंबर तो, तिथला पावसाळाच. पाऊस पडत नव्हता, ओतत होता. लॉनवरचा तंबू एका बाजूने हळूच गुडघे टेकून बसला. स्पीकर लावणारा संजीव, रॉयस्टनचा दोस्त, स्पीकर पोटाशी धरून चिखलात गोल गोल पळत होता.

सगळे हॉलमध्ये जाऊन बसले. चौदा फूट उंच छताखाली, कोरीव जाळ्यांखाली, एकमेकांपासून लांब लांब. गाणं लागलं. नवरा-नवरी नाचले. पाहुणे टाळ्या वाजवत होते, पण आतला प्रत्येक पाय खुर्चीखाली वळवळत होता. डेझीच्या भावाची खुर्ची तर त्याच्यासकट दीड हात सरकली.

मानवेल मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला रडू येईल असं वाटत होतं. डेल्मा शेजारी आली.

"खाली का नाही जात?" ती म्हणाली.

"खाली कुठे?"

"घराच्या खाली. चारी बाजू उघड्या आहेत. दार नाही, भिंत नाही, झडप नाही. मी लहान होते तेव्हा आमचे वाढदिवस तिथेच व्हायचे."

मानवेलने तिच्याकडे पाहिलं. "पण तिथे तुझी पणजी..."

"हो. तिथे ती कपडे धुवायची. तिला गाणी फार येत. हसायचीही मोठ्याने, आजी सांगायची." डेल्माने छत्री उघडली. "कॅप्टनला आवडायचं नाही. चल."

दहा मिनिटांत अख्खं वऱ्हाड घराखाली. खांबांचं रानच होतं ते, पण फरशी कोरडी. संजीवने स्पीकर कपडे धुवायच्या दगडी कट्ट्यावर ठेवला आणि वसईच्या लग्नात वाजतो तसा बँडचा ठेका सुरू झाला. मग काय विचारता! डेझीच्या भावाने तर बांध फुटल्यासारखा नाच केला. अडचण एकच. वरच्या तुळया फार खाली. रॉयस्टन सहा फुटांवरचा. प्रत्येक उडीला 'ठक' असा आवाज यायचा आणि तो ठेक्यात इतका बरोबर बसायचा की कोणाला वाटलं, संजीवनेच काहीतरी वाजवलं.

नाच रंगात आला असताना एक तरुण पोलीस वाकून आत आला. शेजारच्या मळेवाल्याने तक्रार केली होती म्हणे, घरात नाच चाललाय.

"तुम्ही इनडोअर आहात की आउटडोअर?" त्याने विचारलं.

मानवेलने तोंड उघडलं, पण इंग्रजी ऐन वेळी पळून गेलं. डेल्मा पुढे झाली. त्याच क्षणी वारा फिरला आणि एक आडवी सर पोलिसाच्या पाठीवर सपकन बसली.

"बाळा, तू भिजतोयस का?" डेल्माने विचारलं.

"भिजतोय."

"मग आउटडोअर."

पोलिसाने थोडा विचार केला, टोपी झटकली आणि टिपायला काढलेलं पेन खिशात ठेवलं. एल्साने त्याला केक दिला. जाताना तो वळला आणि 'ठक'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात मानवेलचा फोन वाजला. व्याही. चौकटीत सुटाबुटातले पास्कोल तुस्कानो आणि मागे त्यांची बायको, दोघं ग्लेन वेव्हर्लीतल्या आपल्या सोफ्यावर, हातात वाइनचे ग्लास घेऊन, मुलाच्या लग्नाला एकटेच.

"हॉल कुठाय?" व्याह्यांनी विचारलं. "सगळं अंधारं अंधारं दिसतंय. हे काय, तळघर?"

कालचा मानवेल असता तर धावत वर गेला असता. आजचा म्हणाला, "हॉल वर आहे, व्याही. रिकामा. आम्ही घराच्या खाली आहोत. हे खांब दिसतात ना? हे हिच्या पणजोबाने आणलेत." त्याने फोन डेल्माकडे वळवला. मग काल जे मग सांगतो म्हटलं होतं, ते सगळं त्याने ओरडून ओरडून, बँडच्या वर आवाज काढून सांगितलं. टाना, जहाज, ऊस, धुणं, सगळं.

 

मग पास्कोल तुस्कानोंनी ग्लास टेबलावर ठेवला, कोट काढला. "माझा बाप माणिकपूरला दुसऱ्याच्या वाडीत केळी वाहायचा," ते म्हणाले. "मी हे कोणाला सांगत नाही." आणि बायकोचा हात धरून ते सोफ्यासमोरच नाचायला लागले. बोजड, चुकीच्या ठेक्यावर, डोळे पुसत पुसत.

मानवेलने फोन एका खांबाला तंबूच्या दोरीने बांधला, नीट, उंचीवर, म्हणजे त्यांना पोरगा दिसावा. मग डेझीने त्याचा टाय धरून त्याला गर्दीत ओढलं.