निर्भेळ हंगाम

सांगलीचा कृष्णाकाठ क्लब त्या हंगामात एकही सामना हरला नव्हता, आणि एकही बरोबरीत सोडला नव्हता. राज्याची ही व्यावसायिक फुटबॉल लीग तशी नवी होती. पण तिच्यात मुंबई-पुण्याचे तालेवार क्लब होते, गोव्याहून आणि मणिपूरहून आणलेले खेळाडू होते, आणि त्या सगळ्यांना सांगलीनं एकेक करून पाणी पाजलं होतं. विजेतेपद कधीच खिशात पडलं होतं. शेवटचा एक सामना राहिला होता, तो साताऱ्यात, गुणतक्त्याच्या तळाशी घुटमळणाऱ्या यवतेश्वर क्लबाशी. तो जिंकला की हंगाम निर्भेळ. असं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

कर्णधार होता मिरजेचा नईम. तिशी ओलांडलेला, बचावफळीच्या मधोमध भिंतीसारखा उभा राहणारा उंच गडी. घरी तंबोरे करायचा पिढीजात धंदा. भाऊ दिवसभर भोपळे तासत बसायचे आणि हा लहानपणापासून मैदानावर. त्याला घडवलं नारायण सरांनी. कोवळ्या वयात चेंडूसाठी भिडताना त्यानं एकदा पाय मागं घेतला होता, तेव्हा सरांनी खेळ थांबवून सांगितलं होतं, "पाय मागं घ्यायचा असेल तर घरी जा. तंबोऱ्याला तारा चढव." तेव्हापासून नईमनं पाय मागं घेतला नाही. नडगीवर त्याच्या खुणा होत्या.

तेच नारायण सर आता यवतेश्वरचे प्रशिक्षक होते. आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना सरांच्या डोळ्यांदेखत होणार, याचा नईमला मनापासून आनंद होता. साताऱ्याला जाताना बसमध्ये तो पोरांना म्हणालासुद्धा, "सर सहजासहजी सोडणार नाहीत. घाम काढतील आपला."

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात नईमला काहीतरी खटकायला लागलं. साताऱ्याची पोरं धावत होती, पण वेळेवर पोचत नव्हती. चेंडू दोघांच्या मध्ये पडला की साताऱ्याचा गडी हलकेच पायाची गती काढून घ्यायचा. वरून बघणाऱ्याला वाटावं, दमला असेल. नईमला तसं वाटेना. त्याला ते मागं घेतलेले पाय दिसत होते.

मग धवलनं गोल केला. धवल म्हणजे सांगलीचा आघाडीचा खेळाडू, हंगामात सगळ्यात जास्त गोल त्याचेच. पण हा फटका त्याच्या पायावर नीट बसलाच नव्हता. चेंडू गवतावरून रांगत गेला. साताऱ्याचा गोलकीपर लालासाहेब गुडघ्यावर बसला, हात खाली नेले, आणि चेंडू जवळ आल्यावर ते थोडेसे उघडले. चेंडू मधून आत गेला.

नईम जागच्या जागी उभा राहिला. लालासाहेबला तो चांगला ओळखत होता. कोरेगावकडचा, पलटणीत खेळून आलेला माणूस. पावसाळी स्पर्धांमध्ये दोघं कितीदा समोरासमोर आले होते, सामन्यानंतर एका ताटात जेवले होते. असा चेंडू लाला झोपेतही सोडणार नाही.

थोड्या वेळानं सांगलीला कॉर्नर मिळाला. उंच असल्यामुळं नईम कॉर्नरला नेहमी पुढं जायचा. तो गोलाच्या तोंडाशी लालाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लाला त्याच्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, "उडी मार गड्या. मी न्हाई यीत."

"काय?"

"मी जागा सोडत न्हाई. तू मार."

तेवढ्यात चेंडू आला. इतक्या वर्षांच्या सवयीनं नईमचं अंग आपोआप वर गेलं, चेंडू कपाळावर बसला, आणि जाळीत जाऊन पडला. सगळे त्याच्या अंगावर येऊन पडले. कुणी पाठीवर थापा मारल्या, कुणी केस विस्कटले. त्या ढिगातून मोकळा होऊन नईम मागं धावला तेव्हा बाहीनं कपाळ पुसत होता. थोडं धावून त्यानं पुन्हा पुसलं. कुणाची तरी थुंकी अंगावर उडावी तशी ती जागा त्याला वाटत होती.

हाफटाइमला खोलीत शिरताच क्लबाचे मालक जयराजसाहेब दारात उभे. गोरेपान, हसतमुख, हातात कंदी पेढ्यांचा उघडा खोका. प्रत्येकाच्या तोंडात ते स्वतःच्या हातानं पेढा घालत होते.

"साताऱ्यात येऊन पेढा न खाता जायचं नाही," ते म्हणाले. "कॅप्टन, आ करा."

नईमनं नको म्हणायच्या आत पेढा तोंडात गेला होता. अजून अर्धा सामना बाकी आणि हा माणूस पेढे वाटतोय. तो गोड, तुपकट गोळा जिभेवर चिकटून बसला. नईम तसाच न्हाणीघरात गेला, बेसिनमध्ये थुंकला, चूळ भरली, आणि तरी चव जाईना म्हणून बोट घालून जीभ घासली.

बाहेर येऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ते खेळत नाहीयेत. त्यांना सांगितलंय. लालानं मला कॉर्नरला तोंडानं सांगितलं."

कुणी दचकलं नाही. त्यावरूनच नईमला कळलं की निम्म्यांना शंका आली होती आणि तिची त्यांना फारशी अडचण नव्हती. प्रशिक्षक ऋषिराज पायातल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले.

धवल म्हणाला, "नईमभाई, आपण तर खरं खेळतोय ना? ते झोपले तर त्यात आपला काय दोष?"

"तुझा गोल खरा होता?"

जयराजसाहेबांनी पेढ्यांचा खोका बंद केला. "कॅप्टन," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "लोकांना एक गोष्ट हवी असते. सगळं जिंकलं, एवढीच. ती आपण देतोय. मन मोठं ठेवा."

नईम तसाच बोळातून पलीकडच्या खोलीकडं गेला. नारायण सर दाराबाहेरच उभे होते, भिंतीला टेकून, चष्मा पुसत. त्याला बघून त्यांनी चष्मा लावला नाही.

"सर, हे तुम्ही सांगितलं पोरांना?"

"हळू बोल."

"तुम्ही सांगितलं?"

सर म्हणाले, "पुढच्या वर्षी हा क्लब जयराज चालवणार आहे. तो नसेल तर क्लब बंद. या पोरांनी कुठं जायचं? आमचं तळातलं स्थान ठरलेलंच आहे. एका सामन्यानं आमचं काय जातंय? तुम्ही एरवीही जिंकलाच असता."

"मग जिंकू द्यायचं होतं."

"जयराजला खात्री हवी होती."

सर हे बोलताना खाली बघत नव्हते, हेच नईमला सहन होईना. ते समजावत होते. शाळेत गणित समजवावं तसं, एक पायरी, मग दुसरी पायरी. त्यांच्या तोंडाला पेढ्याचा वास येत होता.

तो त्यांच्या बाजूनं सरळ खोलीत गेला. साताऱ्याची पोरं बाकांवर बसली होती, कुणी वर बघेना. लाला कोपऱ्यात हातमोजे मांडीवर घेऊन बसला होता. नईमनं दंडावरची कर्णधारपदाची पट्टी उतरवली.

"लाला, तुम्ही खेळत नसाल तर मी पण खेळत नाही. मी बाहेर बसतो. एवढंच सांगायला आलो."

लाला म्हणाला, "तुझं बरं हाय रं. तू बाहेर बसशील. आमी कुठं बसायचं?"

नईम निघून आला, ऋषिराजांना सांगितलं, आणि जर्सीवर जाकीट चढवून बाकावर बसला. ऋषिराजांनी वाद घातला नाही. पट्टी त्यांनी धवलला दिली.

उत्तरार्ध सुरू झाला. आधी काहीच बदललं नाही. तेच संथ धावणं, तेच उशिरा पोचणं. प्रेक्षकांत लोक मोबाइल बघत बसले होते. नईमला वाटलं, संपलं. आपण उगीच नाटक केलं. मग धवलला समोर मोकळी जागा मिळाली आणि यावेळी त्यानं फटका नीट मारला, खालच्या कोपऱ्यात, कडक. लाला हलला. सबंध अंग आडवं फेकून त्यानं एका हाताच्या बोटांनी चेंडू बाहेर ढकलला आणि खांद्यावर जोरात आपटला. उठला तेव्हा तो हात त्यानं पोटाशी धरला होता.

नारायण सर रेषेवर येऊन ओरडले, "लालासाहेब!" लालानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि पाठ केली.

त्यानंतर साताऱ्याच्या पोरांना जणू अंगात वारं भरलं. पुढच्याच चेंडूला त्यांचा एक किडकिडीत गडी धवलला असा भिडला की दोघंही लोळले. मैदान ओरडलं. सांगलीच्या पोरांना आता खरंच खेळावं लागत होतं आणि त्यांची तयारी नव्हती. पेढे पोटात जाऊन ती सैल झाली होती. साताऱ्यानं एक गोल फेडला. लालाचा हात लोंबत होता, तरी तो बाहेर जाईना; दुसऱ्या हातानं, पायानं, छातीनं चेंडू अडवत राहिला. सामना संपत आला असताना साताऱ्याला कॉर्नर मिळाला. चेंडू नेमका तिथं आला जिथं नईम उभा असायचा. तिथं आता एक बदली गडी होता, तो चुकला, आणि बरोबरी झाली.

शिटी वाजली. लोक आनंदानं वेडे झाले. त्यांना वाटलं, तळाच्या संघानं विजेत्याला झुंजवलं. नईमला आनंद झाला नाही. त्याला फक्त आंघोळ करावीशी वाटत होती.

परतताना बसमध्ये कऱ्हाड मागं पडल्यावर धवल त्याच्या सीटजवळ येऊन उभा राहिला. "तुम्हाला स्वच्छ राहायचं होतं, नईमभाई. राहिलात. पण बाकीचे सगळे सामने आम्ही रक्त आटवून जिंकलो होतो. त्यात काही खोटं नव्हतं. आज तुम्ही उभे असता तर तो शेवटचा गोल झाला नसता. तुमच्या सोवळ्यापायी आमचा हंगाम गेला." एवढं बोलून तो सीटच्या बाजूला थुंकला आणि मागं गेला.

नईमला राग आला नाही. यातलं निम्मं खरं होतं, आणि कुठलं निम्मं, ते त्याला नीट सांगता येत नव्हतं. पेठ नाक्याला त्यानं बस थांबवायला लावली, पिशवी घेतली आणि एसटीनं मिरजेला गेला.

दोनच दिवसांत सांगलीत फलक लागले. जयराजसाहेबांनी एक शब्द बदलला होता, एवढंच. 'निर्भेळ' गेलं आणि 'अपराजित' आलं. हरले तर नव्हतेच ना. फलकाच्या मधोमध नईमचाच फोटो, कपाळ पुसायला हात वर केलेला, त्या हेडरनंतरचा. त्यानं क्लबाला फोन करून फोटो काढायला सांगितलं. हो म्हणाले, काढला नाही. लीगकडं त्यानं तक्रार केली. त्यांनी दोन्ही क्लबांना विचारलं, दोन्ही क्लबांनी असं काही घडलंच नाही म्हणून कळवलं. पुढच्या हंगामासाठी त्याला बोलावणं आलं नाही. यवतेश्वर जयराजसाहेबांनी घेतला. नारायण सर तिथंच राहिले. पोरंही बरीचशी राहिली. लालाला काढलं.

त्याच्या खांद्याचं ऑपरेशन मिरजेत झालं. घर कोरेगावात, जवळचं माणूस सारखं राहू शकत नव्हतं, म्हणून नईम रोज दवाखान्यात जायचा. त्याची बायको सुरय्या डबा करून द्यायची. लाला त्या सामन्याबद्दल बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "त्यो पयला चेंडू सोडला, ते माझं मलाच बघवंना. खांदा काय, दुखंल आन थांबंल."

एके दुपारी नईम डबा घेऊन गेला तर खाटेशेजारच्या स्टुलावर नारायण सर बसले होते. संत्र्यांची पिशवी आणली होती. लाला त्यांच्याशी नीट बोलत होता, "आवं बसा की सर, च्या सांगतो" म्हणत होता. नईमनं डबा ठेवला आणि काही न बोलता खाली जाऊन चहाच्या गाड्यावर उभा राहिला.

काही वेळानं सर खाली आले. त्याच्या शेजारी उभे राहिले, चहा मागितला. ते आता म्हातारे दिसत होते.

"तू मला शिव्या दिल्यास तरी चालेल," ते म्हणाले. "असा गप्प राहू नकोस."

"शिव्या नाहीत माझ्याकडं."

"पोरं वाचली, नईम. क्लब वाचला. तू म्हणतोस तसं लीगला खरं सांगितलं असतं तर आज..."

"सर, तुम्ही पुन्हा समजावून सांगताय."

सरांनी हात त्याच्या खांद्यावर ठेवायला उचलला. नईम एक पाऊल बाजूला सरकला. ठरवून नव्हे, अंगानंच केलं ते. सरांचा हात हवेत राहिला, मग चहाच्या ग्लासाकडं गेला. ग्लास अर्धा ठेवून ते स्टेशनच्या दिशेनं चालायला लागले, साताऱ्याची गाडी धरायला. नईम ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला. ज्या माणसानं आपल्याला चालायला शिकवलं, त्याच्या स्पर्शानं अंगावर काटा यावा, याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटूनही तो काटा जात नव्हता.

वर लाला उठून बसला होता. एका हातानं संत्रं सोलायची खटपट चालली होती.

"सोलून दे रं," तो म्हणाला. "सरांनी आणल्यात. ग्वाड हायत म्हन."

नईमनं संत्रं सोललं, एकेक फोड वेगळी करून त्याच्या हातात दिली.

"तू बी घे की."

"नको," नईम म्हणाला. "तू खा."