फायलींचं प्रस्थान

आमच्या लोणावळ्याच्या ऑफिसात पुण्याहून हुकूम आला: जुने शेअर फोल्डर बंद, सगळ्या फायली नव्या टीम साइटवर हलवा. शुक्रवार शेवटचा. काम पडलं माझ्या गळ्यात, आणि माझं प्रोबेशनही त्याच आठवड्यात संपत होतं. साहेब म्हणाले, "रुपाली, हे वेळेत झालं की तू कायम." नाही झालं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

सगळं हललं, खरेदी विभाग तेवढा राहिला. ते फोल्डर फक्त त्र्यंबककाका उघडू शकत होते, आणि मी त्यांच्याच हाताखाली. तीन दिवस 'उद्या बघू' ऐकलं. गुरुवारी घरी निघताना काकांनी कॅलेंडर पाहिलं नि मान हलवली.

"उद्या अमावास्या. नव्या जागी अमावास्येला कोणी जातं का?"

"काका, ती जागा नाही, फोल्डर आहे!"

"बरं, प्रस्थान ठेवतो."

म्हणजे मुहूर्त हुकत असेल तर सामानातली एक वस्तू आधीच शेजारी नेऊन ठेवायची, की निघालोच असं धरतात. काकांनी एक फाइल नव्या साइटवर टाकली, हात जोडले आणि तळेगावला गेले. बाकीच्या म्हणे शनिवारी. शनिवारी जुन्या फोल्डरला कुलूप लागणार होतं! मला इतका संताप आला की माउस आपटला.

कान्हे गावात घरी आल्यावर आईपुढे रडले. आई म्हणाली, "आपल्या घरानं अवस-पुनव कवाच सोडली, आन तू अवसंपायी रडतीस व्हय?"

शुक्रवारी काका हाताची घडी घालून बसले. पण बाकी सगळ्या शाखांनी काम नेमकं त्याच दिवसावर ढकललं होतं. सगळे एकदम तुटून पडले आणि साइट बसली. दुपारी पुण्याहून आयटीतल्या शार्दूलचा फोन आला.

"ज्यांनी सुरुवात केलीय, त्यांना आठवडाभर मुदत. ज्यांची एकही फाइल आली नाही, त्यांनी हेड ऑफिसला खुलासा द्यायचा. तुमच्या खरेदीची..." पलीकडे कीबोर्ड खडखडला. "एक आलीय. चालेल."

साहेबांनी माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. काका नुसते मिशीत हसले. त्याचाच जास्त राग आला.

साइट सुरू झाल्यावर आधी ती फाइल उघडली. मला कायम करावं, अशी काकांची शिफारस होती. खाली त्यांची सही.

"काका, एवढ्या फायलींतून हीच?"

"प्रस्थानाला ज्याच्यावाचून अडेल तेच ठेवतात. सुपारी ठेवली तर माणूस तिच्यावर पाणी सोडून घरीच बसेल."

डोळे भरून आले, तेही अमावास्येला. "पेढे आणते," म्हटलं.

"आज नको. उद्या आण." काका चष्मा पुसत म्हणाले. "एक मात्र आज आणून ठेव इथं. प्रस्थानाला."