सगळ्या बायकांचा एकच नंबर

आरोग्याच्या नोंदींसाठी टॅब मिळाल्यापासून सेविकाताईंच्या डोक्याला एकच ताप होता. फोन नंबर टाकल्याशिवाय तो पुढे सरकायचाच नाही, आणि वस्तीवरच्या बऱ्याच बायकांकडे फोनच नव्हता. शेवटी ताईंनी त्या सगळ्यांच्या नावापुढे आपलाच नंबर ठोकून दिला. टॅब खूश, बायकाही खूश. वरच्या साहेबांना कळलं असतं, तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

साखरेच्या तपासणीला बायका सुई बघून मागे सरकल्या, तेव्हाही ताईंनीच आधी आपला दंड पुढे केला होता. मग एकेक जण तयार झाली आणि रक्ताचे नमुने शहरात गेले.

आज सकाळी वस्तीचा चढ चढताना ताईंच्या फोनवर मेसेज आला. ‘तुमच्या रक्तातली साखर धोकादायक प्रमाणात वाढली आहे. आजच दवाखान्यात या.’ नाव नव्हतं. भलत्याच्या हाती पडून बोभाटा नको म्हणून नाव गाळायची पद्धत होती. दवाखान्याचा फोन लागेना, टॅबला रेंज नाही. इथल्याच कुणाच्या तरी जिवावर बेतलं होतं, आणि तिचा निरोप आपल्या आगाऊपणामुळे आपल्याकडे अडकला होता.

त्या दारोदार फिरल्या. चक्कर येते का, तहान लागते का, रात्री सारखं उठावं लागतं का?

“मला कसली चक्कर?” शिलाई मशीनवरची बाई हसली. “तुम्हीच बसा आधी. केवढा घाम आलाय.”

ताई बसल्या नाहीत. पाणी तेवढं मागून घेतलं, घटाघटा प्यायल्या आणि निघाल्या. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच.

शेवटचं घर फटकळ आजीचं. ताईंनी तिथला तांब्या रिकामा केला आणि आणखी पाणी मागितलं. आजी जागची हलली नाही.

“सगळ्यांना विचारलंस?”

“सगळ्यांना. कुणालाच काही होत नाही, आजी.”

“आणि तुला? पहिली सुई तर तुलाच टोचली होती.”

“मला काय धाड भरलीये?” म्हणत ताई उठल्या, आणि दाराची चौकट धरून मटकन खाली बसल्या.

मग आजीच्या हाकेने धावत आलेल्या बायकांनी ताईंचं काही चालू दिलं नाही. एकीने टॅब घेतला, दोघींनी ताईंना धरलं आणि दुधाचा टेम्पो अडवून त्यांना आत बसवलं. आजी विचारल्याशिवायच चढली.

“मेसेज तुमचाच होता. आजच आलात ते फार बरं झालं,” सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उद्यावर टाकलं असतं, तर अवघड होतं.”

नर्सने टॅबमधला घोळ पाहिला आणि आधी ताईंची खरडपट्टी काढली. मग विचारलं, “सगळ्यांसाठी तुमचा नंबर. तुमच्यासाठी कुणाचा लिहू?”

घरी ताई एकट्याच होत्या.

“माझं नाव लिही,” आजी म्हणाली. “फोन नाही माझ्याकडे. पण मी रोज हिच्या दारात जाऊन विचारीन.”

ताईंना भरून आलं. आजीचा खरखरीत हात त्यांनी कितीतरी वेळ सोडला नाही.

“रोज याल, आजी?”

“रोज. आणि पाणी किती प्यायलीस ते खरं सांगायचं.”